वालबुर्गाच्या घरचं विरजण

वालबुर्गाचा नवरा जाऊन सहा महिने झाले, आणि गावाच्या भट्टीवर तिच्या घराची पाळी आली. ह्या गावात बिअर घरचीच. सामाईक भट्टीवर जवाचा गोड काढा शिजवायचा, आपल्या तळघरात आणून आंबवायचा, बिअर तयार झाली की दारावर लाकडी चांदणी टांगायची. चांदणी दिसली की गाव प्यायला हजर. पण काढ्याला यीस्टचं विरजण लागतं. ते आधीची पाळी झालेल्या घरातून मागून आणायचं. मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

आधीची पाळी होती दिराची, आलोइसची. आणि त्याची बिअर आंबटढाण, म्हणजे विरजणही तसलंच!

"वहिनी, शहरातून यीस्टचं पाकीट आणा की सरळ."

"पाकीट? तुमचे दादा थडग्यातून उठून येतील, भावोजी!"

नवऱ्याच्या शेवटच्या बिअरचा साका, तळाशी बसलेलं यीस्ट, तिने तळघरात थंड कोपऱ्यात बाटलीत जपला होता. भट्टीच्या पाळीला अजून दहा दिवस होते. तिने घरीच जवाचा थोडा काढा उकळून गार केला, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत ओतला, त्यात साका घातला. येता-जाता बरणी हलवायची.

दोन दिवस ढिम्म. तिसऱ्या दिवशीही काही नाही. दारावर चांदणी लागली नाही तर नवऱ्यामागे हे घर बसलंच म्हणायचं.

आलोइस बरणीत डोकावला. "मेलंय हे. शेगडीजवळ ठेवा, उबेने उठेल. मी तसंच केलं होतं."

"म्हणूनच तुमची बिअर डुकरांनी प्यायली! हे थंडीतलं यीस्ट आहे, पावाचं नव्हे. सावकाशच उठणार."

म्हणाली खरी, पण त्या रात्री दोनदा उठून बरणी बघून आली.

चौथ्या दिवशी सकाळी बरणीच्या गळ्याशी बारीक बुडबुड्यांचं कडं दिसलं. "उठलं गं बाई!" ती एकटीच ओरडली आणि एप्रनने डोळे पुसून कामाला लागली. बरणीतून कॅनमध्ये, कॅनमधून बादलीत, दर वेळी ताजा काढा घालून तिने ते वाढवलं. वरचं पाणी चाखून बघितलं. स्वच्छ! आंबटपणाचा मागमूस नाही.

पाळीच्या दिवशी ते भट्टीवरून आणलेल्या काढ्यात घातलं. दोन महिन्यांनी चांदणी लागली. गाव बाकांवर मावेना. आलोइस तीन मग प्यायला. चौथा मागवताना म्हणाला, "दादाचीच चव आहे."

"माझ्या हाताची आहे," वालबुर्गा म्हणाली.

आधीची बिअर वाया गेली म्हणून पुढची पाळी पुन्हा आलोइसलाच मिळाली. रिकामी बरणी घेऊन तो दारात उभा राहिला. वालबुर्गाने बरणी नाकाशी नेली आणि परत त्याच्या हातात दिली.

"चुलीवर आधण आहे. धुवा."

साठीचा आलोइस तिच्या स्वयंपाकघरात बाह्या सरसावून बरणी घासत बसला. मग तिने ती विरजणाने काठोकाठ भरली.

"आणि शेगडीजवळ नेलीत तर याद राखा, भावोजी."

"नाही नेणार, वहिनी," तो म्हणाला, आणि बरणी दोन्ही हातांनी धरून सावकाश पायऱ्या उतरला.