शेवटच्या बाकावरच्या परुळेकर मॅडम

परुळेकर मॅडमना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात मी नुकताच अर्थशास्त्र शिकवू लागलो होतो. त्या भूगोलाच्या ज्येष्ठ प्राध्यापिका. सहकाऱ्यांनी एकमेकांच्या तासाला बसावं आणि जे दिसलं ते मोकळेपणाने सांगावं, ही कल्पना त्यांची. "उद्या तुमच्या तासाला बसू का?" असं त्यांनी आदल्या दिवशी विचारलं, तेव्हा नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही.

तास संपल्यावर त्यांनी वहीतलं पान फाडून माझ्या हाती दिलं. "विषय पक्का आहे तुमचा. पण पाऊण तास तुम्ही फळ्याशीच बोललात. खिडकीजवळच्या मुलीने दोनदा हात वर केला होता."

मला राग आला. स्टाफरूममध्ये मी म्हणालो, "बाईंना प्रिन्सिपॉलनीच पाठवलं असणार." तो समज पसरवण्यात माझा वाटा होता, हे त्यांच्या पंचाहत्तरीला तरी कबूल केलं पाहिजे.

पुढे मॅडम आत आल्या की गप्पा थांबत. त्या एकट्याच डबा खात. "माझ्याही तासाला या ना," असं सगळ्यांना सांगत. कोणी गेलं नाही.

मग मला नोकरीत कायम करण्याचा प्रश्न निघाला. प्रिन्सिपॉलनी माझ्यासमोर मॅडमकडे माझ्या तासाच्या नोंदी मागितल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्या यांच्याकडेच आहेत, सर. यांच्यासाठीच लिहिल्या होत्या, फायलीसाठी नाही." मी कायम झालो. विभागप्रमुखपद मात्र मॅडमना डावलून दुसऱ्यांना मिळालं. कारण कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या तासाला जाऊन बसलो. मला पाहून त्या बोलता बोलता थांबल्या, मग पुन्हा खाडीच्या गाळाकडे वळल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "काय चुकलं ते सांगा. इतकी वर्षं हे विचारायला कोणी मिळालं नाही."

मी चाचरत म्हणालो, "प्रश्न विचारून तुम्ही उत्तरासाठी थांबत नाही." त्यांनी ते लिहून घेतलं.

आता मॅडमचे यजमान नाहीत, मुलगी परदेशात असते. मुलुंड पूर्वेच्या घरी मॅडम एकट्या असतात. निघायला उठलो की "अजून थोडं बसा ना," म्हणतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्या आयुष्यात बोलायला माणसंही असोत. तेवढं आपल्या हातात आहे. चारनंतर त्या घरीच असतात. बेल बिघडली आहे. दार वाजवावं लागतं.