तीन गल्ल्यांपलीकडचा बेस

आमचे हे गाड्यांमध्ये स्पीकर बसवतात. वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की ठरलेलं प्रवचन: "काचा लावल्या की गाणं गाडीत राहतं, बेस राहत नाही. बारीक आवाज भिंतीला आपटून मरतो, बेस भिंतीलाच हलवून पुढे जातो." आणि हाच शहाणा माणूस रोज दुकान बंद करून तीन गल्ल्यांपलीकडे गोदामामागे गाडी लावतो, काचा वर करतो, गाणी लावून बसतो आणि समजतो, कुणाला पत्ता नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

साडेसहाला माझ्या मांडणीतली ताटं किणकिणतात. गाण्याचा शब्द एक नाही, नुसतं धुम्म, धुम्म. मी ओळखते, आले. पण घरी नाही.

सासूबाईंची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली, पाठोपाठ कानही गेले. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं माझ्या गळ्यात. नोकरी सोडली. दूध आणायला उतरले तरी बाहेरून कडी घालून पळत जाते, पळत येते. संध्याकाळी तेवढं त्या म्हणतात, "जा गं, मला जरा पडू दे." आणि हे येतात त्या झोपल्यावर, मांजराच्या पावलांनी. "तिच्याकडे बघवत नाही गं," म्हणे. मला बघवतं वाटतं!

त्या दिवशी ताटं वाजली आणि माझं डोकंच फिरलं. कडी घातली, तडक गेले, गाडीच्या काचेवर मूठ आपटली.

"अहो, जगाला शिकवता ना बेस कुठवर जातो ते? घरातली ताटं वाजतात रोज!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "घरापर्यंत येतो?" एवढंच बोलले आणि बटण बंद केलं. उतरले मात्र नाहीत.

तणतणत परत आले तर सासूबाईंचा उजवा हात खाटेच्या लोखंडी गजावर, घट्ट. मला वाटलं, पडतायत. सोडवायला गेले तर सोडेनात.

"थांबला गं," त्या म्हणाल्या.

"काय थांबलं?" मी कानाशी ओरडले.

"त्याचा ठोका. रोज येतो या वेळी, गजातून लागतो हाताला. आज लवकर गेला." मग माझ्याकडे बघून, "तू काही बोललीस का त्याला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन वर्षं मी समजत होते, बाईला झोप येते.

परत कडी घातली, परत गेले. हे तसेच बसलेले.

"लावा," मी म्हटलं.

"काय?"

"बेस. आई गजावर हात ठेवून वाट बघतायत. नाहीतर घरी चला."

त्यांनी बराच वेळ स्टीअरिंग सोडलं नाही. डोळे भरून आले होते, माझेही. वाटलं, आता उतरतील.

मी कडी काढून घरात शिरले, तेव्हा ताटं वाजत होती.