विडीनंतरचे पोट

मी विडी सोडली ती १९५७ च्या डिसेंबरात, मिरचीचा हंगाम भरात असताना. त्याआधी आठवडाभर खोकल्यातून रक्त पडत होते. धुळ्याला जाऊन छातीचा फोटो काढला. क्षय निघाला नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला आणि सांगितले, की छाती चांगली नाही. तंबाखू कोणत्याही रूपाने सुरू ठेवायची असेल, तर पुन्हा त्यांच्याकडे येऊ नये. घरी तीन मुले होती. धाकटे अजून पाळण्यात होते. मी त्याच दिवशी विडी बंद केली.

विडीची आठवण होत असे, पण तेवढे सहन करता आले. त्रास झाला तो दुसरीकडे. पोट बंद झाले.

पंधरा-सोळा वर्षे सकाळचा क्रम एकच होता. चहा, विडी, परसाकडे. यातली विडी निघाली आणि पुढचे काही होईना. आम्ही राहत होतो त्या चाळीमागे दोन संडास होते आणि सकाळी तिथे रांग लागे. मी टमरेल घेऊन उभा राही, आत जाई, बसे आणि बाहेर येई. रांगेत माझ्यामागे बहुधा शेजारचा पिंजारी असे. गाद्या भरण्याचे त्याचे काम होते, आणि त्याची विडी रांगेतच पेटलेली असे. मी आत फार वेळ लावतो हे सगळ्यांच्या लक्षात आले होते. बोलला तो.

"अखबारवाले, इंजन में कोयला नहीं डालोगे तो गाडी यार्ड में ही खडी रहेगी."

रांग हसली. त्याने विडी पुढे केली. मी घेतली नाही.

मी धुळ्याच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार होतो. सकाळी बाजारात जाऊन मिरचीचे भाव घ्यायचे, कचेरीत आणि पोलीस ठाण्यावर फेरी मारायची, दुपारच्या गाडीने मजकूर पाठवायचा. कोठा जड असलेल्या माणसाला हे काम जमत नाही. पोट फुगलेले, डोके दुखते, जेवण नको वाटते. बाजारात मिरचीच्या राशींमधून फिरताना शिंका येत आणि प्रत्येक शिंकेबरोबर पोटात कळ उठे. धुराळ्याने नाक कायमचे चोंदलेले होते, जिभेला चव नव्हती. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितले. नंदुरबारात राहून मी बिनतिखटाची डाळ खाऊ लागलो. एरंडेल घेतले, हिरडा घेतला, रात्री इसबगोल घेतले. एरंडेलाने एक दिवस पोट रिकामे होई आणि पुढचे चार दिवस पुन्हा बंद राही. नंतर सोनामुखीचा काढा सुरू केला. हे सगळे करताना एकच विचार डोक्यात असे, की एका विडीत हे मिटेल.

धाकट्याच्या बाळंतपणाला बायकोला माहेरी पाठवता आले नव्हते, म्हणून सासूबाई कळसाडीहून आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. त्या माझ्यासमोर येत नसत. आल्या तर पदर कपाळाच्या खाली असे, आणि माझ्याशी थेट बोलत नसत. काही सांगायचे झाले तर मुलीला सांगत, मुलगी मला सांगे. आमच्याकडे तेव्हा हीच रीत होती आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

मोरीजवळच्या कोनाड्यात आमच्या दंतमंजनाची डबी असे. बाभळीचा कोळसा, मीठ आणि तुरटी कुटून बायको ते करी. जानेवारीत ते संपले. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या डबीशेजारी तशाच काळ्या पुडीची भरलेली डबी दिसली. बायकोने नवे केले, असे मी धरून चाललो आणि त्याने दात घासू लागलो. पहिल्या दिवशी थोडी चक्कर आली. ती उपाशी पोटाने आणि सोनामुखीने आली, असे मी धरले. त्यानंतर काही वेळातच पोट साफ झाले. दुसऱ्या दिवशीही झाले. तिसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो, आत गेलो आणि लगेच बाहेर आलो. पिंजाऱ्याने विचारले, कोळसा टाकला का? मी त्याला सोनामुखीची शिफारस केली. त्याने ती घेतली, त्याचा पुढचा दिवस संडासाच्या रांगेतच गेला, आणि त्यानंतर बरेच दिवस तो मला 'हकीमसाहब' म्हणत होता.

जेवण जाऊ लागले. कामाला उत्साह आला असे म्हणता येणार नाही, पण काम होऊ लागले. मी दोन्ही वेळा दात घासत होतो. पुढे तीन वेळा.

मधल्या काळात ती डबी वरच्या फळीवर गेली. मुलांचा हात पोचू नये म्हणून बायकोने ठेवली असेल, असे समजून मी ती वरून काढून घेत असे. मग ती पिठाच्या डब्यामागे गेली. तिथूनही मी शोधून काढली.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी मी मोरीवर बसून दात घासत होतो. सासूबाई आतल्या खोलीच्या दाराशी धाकट्याला मांडीवर घेऊन, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या,

"भाऊ, सांग तुन्हा बापले. ती डबी मन्ही शे. तिन्हामा तमाखू शे, मंजन नही."

मी चूळ भरली. बायको चुलीपासून उठून आली. तिने डबी हुंगून पाहिली. ती मशेरी होती. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, वर लवंग घालून सासूबाई ती करत आणि वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ दातांना लावत. बायकोने आईला विचारले, की इतके दिवस बोलली का नाहीस.

"जवाईना पोटनी गोट सासूनी करानी का वं?" सासूबाई म्हणाल्या. "आनि तमाखूनी करानी? मी डबी दपाडी, तेस्नी काढी लिधी." म्हणजे फळीवर आणि पिठाच्या डब्यामागे डबी लपवत होत्या त्या सासूबाई.

मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. भाजलेली तंबाखू चालेल का, असे विचारले. ते म्हणाले, की जाळली तरी तंबाखूच. पोट साफ होत होते ते सोनामुखीने नव्हे, हे मग मला कोणी सांगावे लागले नाही.

घरी दोन मते होती. सासूबाईंनी धाकट्याच्या मार्फत कळवले, की चिमूटभर मशेरीने कोणी मरत नाही, पोट बंद राहिले तर माणूस काम काय करील? यात तथ्य होते. मी विडी ओढत नव्हतो, रक्त पडत नव्हते, पोट साफ होत होते. मी बायकोकडे पाहिले. माझी बाजू ती घेईल असे मला वाटत होते. ती भाकरी थापत होती.

"पोट बंद ऱ्हायनं ते चाली," ती म्हणाली. "ते रगतना रुमाल मी परत धोवाव नही."

सासूबाईंनी डबी कनवटीला लावली, आणि कळसाडीला परत जाईपर्यंत ती तिथेच राहिली.

चौथ्या दिवशी पोट पुन्हा बंद झाले. उन्हाळा तसाच गेला. बाजारातल्या मिरच्या संपल्या, नाक मोकळे झाले, तोंडाला चव आली आणि खाल्लेले पोटातच बसून राहिले. दुपारच्या गाडीची वेळ दोनदा चुकली. संपादकांनी लिहून विचारले, की तब्येत बरी नसेल तर बदली माणूस पाहू का? मी नको असे कळवले. एकदा पिंजाऱ्याने दिलेली विडी घेऊन मी संडासात गेलो. आगपेटी नव्हती. ती मागायला बाहेर यावे लागले असते आणि बाहेर रांग होती. विडी मी त्याला परत दिली.

दिवाळीच्या सुमारास पोट एक दिवसाआड साफ होऊ लागले. कशाने, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. औषधे तीच होती, जेवण तेच होते.

खोकल्यातून रक्त पुन्हा पडले नाही. १९६५ साली मी बातमीदारी सोडली, तेव्हाही जेवणानंतर इसबगोल घ्यावे लागत होते.