व्हॉल्व्ह बंद करणारी बाई

त्या बाईला मी एकदाच पाहिलं, कुंभारी गावाजवळच्या एका वांग्याच्या शेतात. तुराट्यांचा कोळसा शेणकाल्यात भिजवून मातीत मिसळला की ओल टिकते, पाणी कमी लागतं, हे दाखवायला आम्हा वीसेक शेतकऱ्यांना तिथं नेलं होतं. शेतीखात्याचे साहेब तिच्या दिराला शेजारी उभं करून माहिती सांगत होते. ती बांधाजवळ होती. कोळशानं हात नखांपर्यंत काळे. सारखी वाकून झाडाच्या मुळाशी बोट खुपसायची आणि ओल बघायची.

कुणीतरी विचारलं, "पाणी कधी सोडता?"

दीर उत्तरासाठी साहेबांच्या तोंडाकडे बघू लागला.

"बोट कोरडं निगालं की," ती म्हणाली. कुणी मानसुद्धा वळवली नाही.

मग प्रयोगशील शेतकरी म्हणून दिराच्या खांद्यावर शाल पडली. फोटोत पाणी दिसावं म्हणून साहेबांनी ठिबक सुरू करायला लावलं. तिनं माती चाचपली आणि तडक जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

"अहो बाई, पाहुण्यांना दाखवायचंय!" साहेब खेकसले.

"पाव्हणं जातील की घरला! रान वलं हाय. मुळं कुजली तर तुमची शाल पांघरू व्हय त्यास्नी?"

दोघं-तिघं हसले. दीर पुढं सरसावला, पण ती व्हॉल्व्हवर हात दाबून तशीच बसून राहिली. शेवटी फोटो तिच्याविनाच काढला.

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी दिरासाठी टाळ्या वाजवताना स्पष्ट दिसतो. साहेबांपेक्षा जास्त चीड मला त्या माझ्या टाळ्यांचीच येते.