घरचं हायड्रो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळायचं. लिंबायतच्या आमच्या खोलीत, मोरीपाशी. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिनं तिच्या उजवीकडे पीळ द्यायचा, मी माझ्या. लग्नापासून असंच. याला ती घरचं हायड्रो म्हणायची.

हायड्रो म्हणजे काय ते सांगतो. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मी तीस वर्षं हायड्रोवर होतो. रंगवलेला ओला कपडा लोखंडी टोपल्यात भरायचा, झाकण लावायचं. टोपलं गरगर फिरतं, पाणी निघून जातं. मशीनचं पूर्ण नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते आमच्यात कुणी घेतलं नाही. रंग कापायची एक पांढरी पावडर असते, तीही हायड्रोच. तिच्या डब्यात पाण्याचा थेंब गेला तर धूर निघतो, पेट घेते. आणि मलाही हायड्रोच म्हणायचे. शिकलेली सून म्हणाली, हायड्रो म्हणजे पाणी. म्हटलं, असेल. एक पाणी काढतं, दुसरं पाण्यानं पेटतं. नाव ठेवणाऱ्यानं मिलमध्ये पाय ठेवला नसेल.

टोपलं चारी बाजूंनी सारखं भरावं लागतं. एक बाजू हलकी पडली की ते धडधडतं. तेव्हा आधी ब्रेक मारायचा, उघडून बघायचं, मग कुणाला बोलायचं ते बोलायचं. नव्या माणसांना हे मीच शिकवायचो.

त्या दिवशी तिच्या टोकाला पीळ बसेना. ती म्हणाली, "मना डावा हातमा जोर नई शे."

मी म्हणालो, "मिलमा बी मीच पिळू, घरमा बी मीच?"

ती हसली. एका बाजूनंच हसली. मला वाटलं, वाकडं तोंड करून मला चिडवतेय. मग चादर तिच्या हातातून सुटली. मी ती रागानं बादलीत आपटली आणि खाली चहाला निघून गेलो. परत आलो तर शेजारीण तिला धरून बसली होती. रिक्षात घालून नेलं. डॉक्टर म्हणाला, हात गळाला तेव्हाच आणायचं होतं. संध्याकाळी संपलं.

लोक म्हणतात, सुटली बिचारी, हाल झाले नाहीत. म्हणू द्या. दुसरं टोक त्यांच्या हातात नव्हतं.

सकाळी खोली माणसांनी भरली. मोरीत बादली तशीच. माझी बहीण म्हणाली, आज धुण्याला हात लावायचा नसतो. मी ऐकलं नाही. एक टोक नळाला बांधलं, दुसरं धरून पीळ दिला. नळ हलायला लागला तसं थांबलो. चादर निम्मी ओलीच राहिली. दारातल्या दोरीवर तशीच टाकली. तिला न्यायची वेळ झाली तेव्हा चादर ठिबकत वाटेत आडवी लोंबत होती. मी चादर दोन्ही हातांनी वर धरली, आणि चौघांनी तिला खालून नेलं.