माझा पंखा त्याचंच ऐकायचा

शेजारच्या टेबलावरून उठून त्याने बोटांच्या मागच्या बाजूने कॅबिनेटवर दोनदा टकटक करायची, मान वाकडी करून कान लावायचा आणि म्हणायचं, “दमला रे बाप्पा हा!” झालं. माझ्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा पंखा, जो सकाळपासून लग्नघरात जेवून आडव्या झालेल्या मामासारखा घोरत असायचा, तो गप्प. निदान अर्धा तास तरी. तीच टकटक, त्याच जागी, तेवढ्याच जोरात मी करून बघायचो. पंखा आणखी चेकाळायचा.

हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. मला त्याचा हेवा वाटायचा. सडकून वाटायचा. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच, ज्याचं सगळं सरळ होतं आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही.

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. जुने प्रोग्रॅम सन दोन हजारात कोलमडू नयेत म्हणून दुरुस्त करायचे, हे आमचं काम. तो अमरावतीकडचा, कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारा. मी ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून जन्मलेला. आमच्याच पेठेत येऊन हा मला ‘पुणेकर’ म्हणून हाक मारायचा आणि बघता बघता सगळं ऑफिस तसंच म्हणायला लागलं.

एकदा मी डबा विसरलो म्हणून आई तो घेऊन ऑफिसात आली. हा उठला, खुर्ची दिली आणि म्हणाला, “काकू, तुमच्या आमटीचा वास जिन्यातच आला नं!” दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात त्याच्याही पोळ्या. आमच्या घरात पाहुण्याला ‘जेवूनच आला असाल’ असं विचारायची पद्धत. त्या आईने कुणासाठी तूप लावून पोळ्या दिलेल्या मी प्रथमच पाहत होतो.

“शिक जरा त्याच्याकडून,” ती म्हणायची.

“काय शिकू?”

“हसायला.”

ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्याने कहर केला. तो म्हणाला, “पुणेकर, शिलाई मशीनचं तेल आणतो नं. दोन थेंब टाकू, गप्प होते.”

“माझं मी बघीन,” मी म्हणालो. घरी जे तेल हाताशी होतं ते नेलं, पॉवर सप्लायचा डबा उघडला, पंख्याच्या मधला स्टिकर उचकटला आणि तेल सोडलं. आणि काय सांगू, पंखा चिडीचूप! मी त्याच्याकडे बघून चक्क हसलो.

“कोणतं तेल टाकलं बे?”

“आहे आमचं,” मी म्हणालो.

ते खोबरेल होतं.

पुढे डिसेंबर आला. पुण्याच्या थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बाटली निदान उन्हात ठेवता येते.

नेमकं तेव्हाच ठरलं की अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे आमच्यातल्या एकाला पाठवायचं. एकच जागा, आणि दावेदार आम्ही दोघं. मुलाखत फोनवर, भल्या सकाळी, आणि फोन माझ्या टेबलावर. अमेरिकेला जाण्याची माझी इच्छा इतकी होती की मी सूटकेसचा रंगसुद्धा ठरवला होता.

मशीन चालू केलं, आणि गोठलेल्या तेलात पंखा जो काही कण्हायला लागला! बंद करावं तर सगळा प्रोग्रॅम स्क्रीनवर, तो बघूनच उत्तरं द्यायची. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला आणि पंख्याने उत्तर दिलं. तो विचारतो, तुम्ही गिरणीत बसला आहात का? मी ओरडून बोलत होतो, तोही ओरडत होता. तेवढ्यात मागून हा पुढे आला. टकटक करायला हात उचलला. मी असं काही डोळे वटारून बघितलं की त्याने हात खिशात घातला.

मग त्याची पाळी. तो माझ्या खुर्चीत बसला आणि माझं मशीन सरळ बंद केलं.

“अरे, स्क्रीन?” मी म्हणालो.

“पाठ आहे नं,” तो म्हणाला, आणि त्या शांततेत अमरावतीच्या इंग्रजीत हसत हसत बोलत राहिला. जागा त्याला मिळाली.

“करू द्यायची होतीस त्याला टकटक,” आई म्हणाली. करू दिली असती, तर गेलो असतो त्याच्या मेहरबानीवर. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. निघायच्या दिवशी तो आईच्या पाया पडायला आला, तेव्हा ती पदराला डोळे पुसत होती आणि मी सूटकेसकडे बघत होतो. माझ्याच मनातला रंग होता, मेल्याचा.

काही महिन्यांनी ऑफिसात त्याचा फोन आला. सगळे गोळा झाले. सगळ्यांशी बोलून झाल्यावर त्याने मला मागितलं.

“पुणेकर, तुझा पंखा चालू आहे का बे?”

“आहे. का?”

“ऐकव नं जरा. इथं सगळंच गप्प आहे. मशीन गप्प, रस्ता गप्प, घरी गेलो तर घर गप्प.”

मी रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे धरला. खोबरेल केव्हाच वाळून पंखा पुन्हा मन लावून घोरत होता. धरल्या धरल्या मला काय वाटलं कोण जाणे, मी बोटांच्या मागच्या बाजूने दोनदा टकटक केली. त्याला ऐकू जावी म्हणून. आणि पंखा गप्प झाला. माझ्या हाताने, पहिल्यांदाच.

रिसीव्हर कानाला लावला.

“बंद काऊन केला बे?” तो म्हणाला. “चालू राहू दे नं.”

आणि लाइन तुटली. फोन पुन्हा आला नाही, पुढे तोही परत आला नाही.

खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला. त्याला तिथे बसून माझा पंखा आठवत होता. मी तर त्या पंख्याशेजारीच होतो. मला काय आठवणार?

मी पुन्हा टकटक केली. घोर, म्हटलं, लेका. पंखा गप्पच राहिला.