कावीळ आणि ‘काही नाही’

देवासला दवाखाना चालवून वीस वर्षं झाली. पेशंट बरे होऊन घरी जातात, त्यांचे किस्से मात्र इथेच मुक्काम ठोकतात! त्यातले निम्मे कावीळवाल्यांचे. डोळे पिवळे दिसले की मी विचारतो, ‘‘औषधं कुठली घेता?’’ उत्तर ठरलेलं: ‘‘काही नाही.’’

*

धारचे एक निवृत्त मास्तर. ‘काही नाही’ म्हणाले आणि बायकोने पिशवी टेबलावर उपडी केली. चार चूर्णं, दोन काढे, कुणा बाबाच्या काळ्या गोळ्या!

‘‘मास्तर, हे काय?’’

‘‘हे देसी आहे हो. औषध कुठाय यात?’’

लिव्हरला हे कोणी सांगितलंच नव्हतं!

*

धामनोदचा ट्रक ड्रायव्हर. अंगात ताप, म्हणून वाटेतल्या चार दुकानांतून गोळ्या घेतल्या. मी स्ट्रिपा पाहिल्या. नावं चार, आत सगळीकडे पॅरासिटामॉलच! मी ओरडलो, तर तोच मला समजावू लागला, ‘‘भिया, एक ही गोली चार बार थोड़ी खाई! चारों अलग-अलग रंग की हैं।’’

*

जिमवाला पोरगा: ‘‘सर, पावडर एकदम सेफ आहे. डब्यासोबत लिव्हर टॉनिक फ्री देतात!’’

*

एकदा माझाच लिव्हरचा रिपोर्ट बिघडला. आमच्या मालती सिस्टरने पेन उचलून विचारलं, ‘‘सर, कौन-सी दवाई ले रहे?’’

‘‘काही नाही,’’ मी ऐटीत म्हटलं. तेवढ्यात घरून डबा आला. सोबत आईच्या गुळवेलीच्या काढ्याची बाटली!

*

आमच्या गल्लीतल्या काकू. काकांचं टीबीचं औषध चालू असतानाच ते हार्टने गेले, त्याला दोन महिने झाले होते. काकूंचे डोळे पिवळेधमक, उलट्या थांबेनात. रिपोर्ट पाहून मलाच घाम फुटला. आठवडाभर उशीर झाला असता तर काकू हाती लागल्या नसत्या. तीनदा ‘काही नाही’ झाल्यावर कमरेच्या पिशवीतून स्ट्रिप निघाली. काकांच्या गोळ्या!

‘‘काकू, टीबी त्यांना होता! वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ल्यात?’’

‘‘नाही रे. सकाळी आठ वाजले की हात आपोआप ह्यांच्या गोळ्यांकडे जातो. पाणी ओतते, गोळ्या काढते. मग ध्यानात येतं, हे नाहीत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काढलेल्या गोळ्या परत कशा ठेवायच्या?’’

गोळ्या बंद केल्या. दीड महिन्याने रिपोर्ट नॉर्मल आला. मी खुशीत म्हटलं, ‘‘काकू, जिंकलात! आता कसलंही औषध नको.’’

काकूंनी रिपोर्टची नीट घडी घातली.

‘‘ते ठीक. पण आठ वाजता मी काय करू, तेवढं लिहून दे.’’